चारशे दिवसांचा माळा

माझ्या धंद्यात एक शब्द फार जपून वापरावा लागतो. तो मी एकदा अजिबात न जपता वापरला. शब्द आहे ‘वर’.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत शिंदेकाकांचा डाय बनवायचा छोटा कारखाना आहे. त्यांच्या सगळ्या ड्रॉइंगचा पहिला बॅकअप पूर्ण झाला, त्या सकाळी मी उत्साहाने काकांना फोन लावला. फोन काकूंनी उचलला. नवऱ्याला सांगतील म्हणून मी आपलं सांगून टाकलं, "काकू, पहाटे पाचला सगळं वर गेलं बरं का. शेवटी शेवटी जरा अडकत होतं, पण मग शांतपणे गेलं."

पलीकडे स्टीलचं काहीतरी पडलं आणि काकूंनी हंबरडा फोडला. काका आदल्या दिवशी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाले होते आणि फोन घरीच राहिला होता, हे मला कुठून माहीत असणार? पंधरा मिनिटांनी मुलाच्या फोनवरून खुद्द काका बोलले, "अरे गाढवा, मी अजून खालीच आहे!"

तेव्हापासून बायकोने घरात फर्मान काढलं, की गिऱ्हाइकांशी बोलताना ‘वर’ म्हणायचं नाही. मी ‘चढलं’ म्हणून पाहिलं. "काल तुमचं सगळं चढलं" हे बदलापूरच्या एका निर्व्यसनी हेडमास्तरांना आवडलं नाही. शेवटी ‘पोचलं’वर आलो. त्यातही धोका आहेच, पण इतका नाही.

तर मी काय करतो, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना मी केबलवाला वाटतो.

कुठल्याही बऱ्या कारखान्यात किंवा ऑफिसात कोपऱ्यात एक काळा डबा असतो. त्यात तीन-चार डिस्क असतात. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्या डब्याला जोडलेले असतात आणि सगळ्यांचं सामायिक काम त्यात राहतं. घरात एकच फडताळ आणि सगळ्यांचे कपडे त्यात, तसं. डबा गेला की सगळेच उघडे पडतात. म्हणून त्या डब्यातलं सगळं रोज पहाटे इंटरनेटवरून दूर कुठल्यातरी भल्यामोठ्या गोदामात पाठवून ठेवायचं. ते गोदाम मी पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही. त्यात कपाटं नाहीत, खण नाहीत. प्रत्येक वस्तूला एक लांबलचक चिठ्ठी असते, कुठल्या खणातली, कुठल्या पुडक्यातली, आणि ती चिठ्ठी वाचूनच वस्तू सापडते. हे पाठवणं नीट चाललंय ना हे पाहणं आणि वेळ आली की परत आणणं, एवढाच माझा धंदा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असं माझं राज्य. स्कूटरच्या एका टाकीत सगळं राज्य फिरून होतं.

या धंद्यात मी पहिलं जे शिकलो ते स्वतःच्या तोंडावर पडून. ऑफिसातल्या लोकांना तो सामायिक डबा ‘झेड ड्राइव्ह’ या नावाने दिसतो. मी बॅकअपच्या प्रोग्रॅमला सांगितलं, झेड ड्राइव्ह घेऊन जा. तीन महिने रोज सकाळी हिरवी खूण यायची, ‘यशस्वी’. मी खूश, गिऱ्हाईक खूश. तीन महिन्यांनी सहज आत डोकावलो तर त्या यशस्वी बॅकअपमध्ये शून्य फाइली. झालं असं होतं, की ‘झेड’ हे घरचं नाव. आपल्याकडे पोराला घरात बबड्या म्हणतात, पण पोस्टमनला बबड्या कोण ते कळत नाही. त्याला आधार कार्डावरचं नाव लागतं. पहाटे एकट्याने काम करणारा तो प्रोग्रॅम म्हणजे पोस्टमन. तो रोज यायचा, बबड्या नावाचं कुणी दिसायचं नाही, आणि ‘सगळे पोचवले’ म्हणून सही करून जायचा.

तेव्हापासून हिरव्या खुणेवर माझा विश्वास नाही. दर महिन्याला प्रत्येकाची एखादी फाइल परत खाली आणून उघडून बघतो. ही सवय मला उपयोगी पडली. पण घरच्या नावाचा धडा मी पुरता शिकलो नव्हतो, ते पुढे कळलं.

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये हरेशसेठचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे. खाली बारा-बारा हेडची, म्हणजे एका वेळी बारा जागी तीच नक्षी भरणारी दोन मशीनं, वर ऑफिस. हरेशसेठ सिंधी, जन्म इथलाच, मराठी कळतं सगळं, बोलतो हिंदीत, आणि चिडला की सिंधीत. त्याच्याकडे सुरेखाताई पंचिंग करायच्या. पंचिंग म्हणजे कागदावरच्या नक्षीचे टाके करणं. मशीनला मोर कळत नाही. सुई कुठून कुठे जाईल, टाका किती लांब, धागा कुठे कापायचा, हे एकेक सांगावं लागतं. पिसाऱ्यातला एक डोळा करायला अर्धा दिवस जातो. सुरेखाताईंनी अठरा वर्षं तेच केलं होतं. पैठणीचे काठ, ब्लाउजच्या पाठी, चनियाचोळीचे घेर. कॅम्प एकच्या बाजारात हरेशसेठचा माल लांबून ओळखायचा तो ताईंच्या टाक्यावरून.

पण साखरेने ताईंचे डोळे गेले होते. अगदी गेले नव्हते, पण पडद्यावरचा टाका दिसेनासा झाला होता. त्या दिवाळीला त्या काम सोडणार होत्या. हरेशसेठने त्यांना शब्द दिला होता, की तुमची सगळी डिझाइनं घेऊन जा. ताईंच्या मुलीने, पल्लवीने, बदलापूरला एक गाळा घेतला होता, एक जुनं मशीन ठरवलं होतं, आणि आईची डिझाइनं हेच तिचं भांडवल होतं. ताई म्हणायच्या, "आता माझ्या हातनं नवीन व्हायचं नाही, भाऊ. जे आहे ते पोरीला."

आता माझा गुन्हा. तो दोन हप्त्यांत झाला.

पहिला हप्ता त्याच्या आदल्या वर्षी. दिवाळीच्या आधी हरेशसेठकडे साफसफाई चालली होती. त्याच झपाट्यात त्याने मला बसवलं. "भाऊ, तू भी सफाई कर. ये सब क्या क्या ऊपर भेजता है?" आम्ही यादी काढली. कुणाच्या लग्नाचे व्हिडिओ, गाणी, क्रिकेट. हे नको, हे नको. आणि एक फोल्डर, नाव ‘कचरा’.

हरेशसेठ खो खो हसला. "कचरा भी भेजता है! हद है यार."

मीही हसलो. आणि ‘न न्यायच्या’ यादीत टाकला कचरा. यादीत गेलं, की गोदामात आधी पोचलेलंही काढून टाकलं जातं. आत उघडून पाहिलं नाही. कचऱ्यात काय पाहायचं?

दुसरा हप्ता खंडेनवमीचा. आपल्याकडे त्या दिवशी मशीनं बंद, हत्यारांची पूजा. मी सकाळी सहज तिथे डोकावलो, पेढा खाल्ला आणि विनोद केला, "सेठ, मशीनची काय पूजा करता? खरा मालक तो कोपऱ्यातला काळा डबा. पूजा त्याची करा."

माझ्या विनोदांना लोक सहसा हसत नाहीत. पण हा कुणी ऐकून इतका मनावर घेईल, असं वाटलं नव्हतं. मी अंबरनाथला निघून गेलो. इकडे डब्याला हळद-कुंकू लागलं, झेंडूची माळ चढली आणि हरेशसेठने त्याच्यासमोर नव्हे, त्याच्या डोक्यावर नारळ फोडला. चालू डब्यावर. झाकणाला हवेसाठी भोकं असतात. नारळ पाणीदार निघाला.

साडेअकराला फोन आला. "भाऊ, भगवान ने आशीर्वाद दिया नहीं. धुआँ दिया."

मी पोचलो तेव्हा डब्याच्या भोकांतून कुंकवाचे ओघळ बाहेर आले होते. एखाद्या खुनाच्या जागी उभं असल्यासारखं वाटत होतं. चार डिस्कपैकी एक गेली तर डबा सावरतो. इथे तिघींनी मान टाकली होती. हरेशसेठ खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होता. सुरेखाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, माझं आहे ना कुठं?"

"ताई, बॅकअपवाला कशाला ठेवलाय तुम्ही?" मी म्हटलं. छाती इतकी फुगली होती, की शर्टाच्या गुंड्या ताणल्या.

पर्यायी डबा माझ्याकडे असतोच. तो लावला आणि गोदामातून परत मागवायला सुरुवात केली. एम्ब्रॉयडरीच्या फाइली लहान असतात, भराभर येतात. पडद्यावर नावं धावायला लागली. हरेशसेठचा रंग परत आला. तो खाली ओरडला, "चाय बोल! सबके लिए!" मी पाय लांब करून बसलो. आयुष्यात असे क्षण थोडे येतात. माणसाने ते चहाबरोबर घ्यावेत.

ताईंनी पडद्याजवळ नाक नेलं. "माझा कचरा कुठाय?"

"कचरा कशाला आणू, ताई?" मी हसत म्हटलं. "तो तर मागच्या दिवाळीलाच काढून टाकला."

ताई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, फरशीवर.

"काय होतं त्यात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

"सगळं चांगलं त्यातच होतं. मोर, कुयरीचा काठ, मुरबाडची वेल. बाहेर ठेवलेलं ते रोजचं." त्या पदराने डोळे पुसत राहिल्या. "पयल्यांदा एकानं माझा मोर चोरला होता. दुसऱ्यांदा डिस्क जळली. मग मी म्हटलं, आता नजर लागायला नको. माझ्या आईची दोन पोरं गेली, भाऊ. तिसऱ्याचं नाव ठेवलं कचरू. आज साठीला आलाय, ठणठणीत आहे. म्हणून मी पण कचरा नाव दिलं. वाटलं, कोण बघतंय कचऱ्यात."

खरंच कुणी बघितलं नाही. मीही नाही.

आता मला सांगा, हे मला कळायला नको होतं का? माझ्या स्वतःच्या आजोबांचं नाव धोंडू. त्यांच्या वरची तीन भावंडं राहिली नाहीत म्हणून धोंडू. आमच्या गावात कचरू, दगडू, भिकू गल्लीगल्लीत. जिवाभावाचं जे असतं त्याला वाईट नाव देतात, हे मी दूध पीत होतो तेव्हापासून ऐकत आलो. आणि तरी मी कचरा वाचला आणि कचरा समजलो. बबड्या कोण ते न ओळखणारा पोस्टमन मीच निघालो.

हरेशसेठला सगळं समजायला दोन मिनिटं लागली. मग तो सिंधीत काहीतरी बोलला. माझ्याकडे बघत नव्हता, त्यावरून ते माझ्याबद्दल होतं हे कळलं. चहा आला. कुणी घेतला नाही.

आणि त्या चहाकडे बघताना मला माझ्या बायकोचा माळा आठवला.

ते असं. दोन वर्षांपूर्वी मी हरेशसेठचं काम घेतलं, तेव्हा त्या गोदामाचे नियम भरताना एक प्रश्न आला होता. गोदामात वस्तू पुसली जात नाही. तुम्ही ‘काढून टाका’ म्हटलंत, की ते वस्तूवर फक्त एक चिठ्ठी चिकटवतात, ‘नाही’ म्हणून. वस्तू मागे तशीच असते. किती दिवसांनी खरोखर फेकायची, ते तुम्ही सांगायचं. बहुतेक लोक तीस दिवस लिहितात. मी घरी बसून भरत होतो आणि बायको स्टुलावर चढून पोटमाळा आवरत होती. तिचा नियम ठरलेला आहे: नको झालेली वस्तू थेट भंगारात जात नाही. एका दिवाळीला माळ्यावर जाते, पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी आठवण काढली नाही तरच जाते.

मी गमतीने विचारलं, "काय गं, काढलेली फाइल किती दिवस ठेवू?"

"दिवाळी ते दिवाळी."

"म्हणजे तीनशे पासष्ट."

"आणि अधिक महिना आला म्हणजे?" ती माळ्यावरूनच म्हणाली. "चारशे लिहा."

मी चारशे लिहिले. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी बोटं मोडून दिवस मोजायला लागलो. कचरा यादीतून काढला तो मागच्या दिवाळीच्या साफसफाईत. आज खंडेनवमी. म्हणजे वर्षाच्या आत असणार, असं वाटलं आणि मग आठवलं. ते अधिक श्रावणाचं वर्ष. सगळे सण तीन आठवडे पुढे सरकले होते. मी नोंद उघडली. तीनशे बहात्तर दिवस.

तीनशे पासष्ट लिहिले असते तर सात दिवसांपूर्वीच सगळं गेलं असतं.

"सेठ, थांबा," मी म्हटलं. "अजून अठ्ठावीस दिवस आहेत."

"किस चीज के?"

"कचऱ्याचे."

मी गोदामाला सांगितलं, चिठ्ठी लावलेल्या वस्तू दाखव. पडदा क्षणभर रिकामा राहिला. नंतर खालपासून वरपर्यंत नावं भरत गेली. आणि ती नावं! ‘मोर मानेचा’. ‘मोर दुसरा, रुसलेला’. ‘वेल मुरबाड’. ‘जाऊबाईच्या साडीवरून’. ‘पल्लवी झाली तेव्हाची बुट्टी’. अठरा वर्षं मराठीत, एकेका टाक्याला नाव देऊन ठेवलेली. मी मोठ्याने वाचत गेलो आणि ताई प्रत्येक नावाला मान हलवत गेल्या, हजेरी घेतल्यासारखी. चिठ्ठ्या काढल्या. खाली मागवलं. सात मिनिटं लागली. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब सात मिनिटं, आणि यात मी माझं लग्नही धरतोय.

"आ गया?" हरेशसेठ.

"आलं."

"सच्ची?"

"मशीन लावा."

"आज खंडेनवमी है भाऊ, आज मशीन नहीं चलता," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच उठला. "चलो, भगवान को बोल देंगे, टेस्टिंग है."

खाली एका मशीनचं एकच हेड चालू केलं, झेंडूची माळ बाजूला सरकवून. निळ्या कापडाचा तुकडा लावला. सुई खडखडली आणि मोराची मान वळायला लागली. ताई बघत नव्हत्या, दिसणार नव्हतंच. मशीन थांबलं तसं त्यांनी कापडावर बोटं फिरवली. चोचीपासून मानेवरून खाली, सावकाश.

"हाच," त्या म्हणाल्या. "इथं टाक्याची दिशा फिरवलीय बघा. ही मीच फिरवली होती. त्या चोराला नव्हती जमली."

हरेशसेठने मला मिठी मारली. तो मजबूत माणूस आहे, माझा चष्मा वाकला. "भाऊ, तू जादूगर है!" मगाशी सिंधीत मी कोण होतो, ते विचारलं नाही.

सगळं मिळालं, असं म्हणणार नाही. मागच्या दिवाळीनंतर ताईंनी कचऱ्यात टाकलेली नऊ डिझाइनं कधी वर गेलीच नव्हती. सहा मशीनच्या पेन ड्राइव्हवर सापडली. तीन गेली. त्यातली एक जास्वंदाची होती, डोळे पुरते बिघडायच्या आधीची शेवटची. ताई म्हणाल्या, "असू द्या, भाऊ. एवढं आलं ना?" त्यांनी असं म्हटलं म्हणून ते जास्तच लागलं. आता मी कुठल्याही कारखान्यात गेलो, की नको म्हटलेलं फोल्डर आधी उघडून बघतो. आणि कुणाच्या डब्याबद्दल विनोद करत नाही.

पल्लवीचं मशीन बदलापूरला आजही चालू आहे. तिच्या कॉम्प्युटरवर पहिल्या फोल्डरचं नाव ‘कचरा’च आहे. बदला म्हटलं, तर आईने हात उगारला म्हणे.

पण मी सांगत होतो त्या दिवसाचं. मी घरी आलो तो वरातीत आल्यासारखा. मोराचा तुकडा खिशातून काढून बायकोसमोर पसरला आणि नारळापासून सातव्या मिनिटापर्यंत सगळं रंगवून सांगितलं. अधिक महिन्याचं श्रेय तिला दिलं, निम्मं दिलं. तिने तुकडा उजेडात धरला, उलटा करून मागचे टाके पाहिले, आणि "छान आहे हो बाईंचा हात" एवढंच म्हणाली. मग दिवाळी जवळ आलीय, चकलीचा सोऱ्या माळ्यावर आहे, तो काढून द्या, म्हणाली. जादूगार स्टुलावर चढला.

मी माळ्यात डोकं घालून डबे सरकवत होतो. खालून तिचा आवाज आला.

"अहो, मोर परत आणलात ते ठीक. पण ती ‘न न्यायची’ यादी आहे ना, त्यातून कचरा खोडलात का?"

मी सोऱ्या हातात धरून तसाच उभा राहिलो. मिठी, चहा, चष्मा. नव्हता खोडला. पहाटे पोस्टमन येणार होता आणि पुन्हा कचऱ्याला वगळून जाणार होता.

माळ्यावरची खडखड थांबली, त्यावरून तिला कळलं. बावीस वर्षांत कळतं.

"सोऱ्या राहू द्या," ती स्टूल धरत म्हणाली. "तुम्ही उतरा खाली. आधी ते वर जाऊ दे."